नवमीचं पान

नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईची तिथी आमच्याकडं कुणी बघत नाही. ती कोणत्याही दिवशी गेलेली असो, पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, तिची नवमी. त्या दिवशी गावातली एखादी सवाष्ण आवतण देऊन बोलवायची, तिला साडी नेसवून गेलेल्या बाईच्या नावानं पाटावर बसवायची, खीर-वडे वाढायचे आणि तेवढ्या वेळापुरती गेलेली बाई हीच असं सगळ्यांनी धरून चालायचं. जेवण उरकलं की घरातल्या मोठ्या माणसानं विचारायचं, "पोट भरलं का? मनात काय राहिलं का?" तिनं म्हणायचं, "भरलं. काय न्हाई राहिलं." झालं. आमच्या भावकीत तरी एवढंच. भटजी लागत नाही, मंत्र लागत नाहीत. लागते ती फक्त पोटभर जेवणारी एक बाई, आणि आमच्या घराला नेमकी तीच मिळत नव्हती.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. कावीळ झाली आणि ती मेंदूत गेली, असं सगळे सांगतात. मला तिचा चेहरा आठवत नाही. हे सांगितलं की लोक हळहळतात आणि फोटो आहे का विचारतात. फोटो आहे, लग्नातला. त्यात एक घाबरलेली मुलगी हार घालून उभी आहे, तिची माझी ओळख नाही. मला आठवते ती आईची पाठ. ती चुलीपुढं बसलेली आणि मी तिच्या मागं, गाल तिच्या पाठीला लावून. जांभळी साडी, पिवळे काठ, आणि भाकरी थापताना त्या पाठीचं लयीत हलणं. आई म्हटलं की आजही मला एवढंच दिसतं. बाकी काही येत नाही, कितीही डोळे मिटले तरी.

तिचं सगळं क्रियाकर्म झाल्यावर आजी, म्हणजे आईची आई, मला न्यायला आली. ओसरीवर भावकी जमली. त्यात बाबांचे चुलते होते, गावात ज्यांच्या शब्दाला वजन होतं. ते म्हणाले, "बाप्या माणसाच्यानं जनावरं सांभाळनं व्हतं. लेकरू न्हाई व्हत." कुणी मान हलवली, कुणी तंबाखू मळली. एकानं सुचवलं की दुसरी बायको कर, मग ठेव पोरगी. बाबा खांबाला टेकून बसले होते. ते फार बोलणारे नव्हतेच. एवढंच म्हणाले, "लेकरू मी सांभाळतो."

आजी काही दुष्ट नव्हती. तिची लेक मेली होती आणि लेकीची लेक एका माणसाच्या हाती टाकून जायची होती, ज्याला आजवर पाण्याचा तांब्याही हातात द्यावा लागत होता. शेवटी तोड निघाली. वर्षभर मी बाबांकडं राहायचं. वर्ष उलटल्यावरच्या पहिल्या नवमीला आजी येणार. "त्या दिवशी ह्या घरातून सवाष्ण जेवून उठली तर हे घर हाय मनीन," ती म्हणाली. "न्हाई उठली तर पोरगी माझ्या संगं संध्याकाळच्या गाडीनं." आणि जाताना तिनं माझे फ्रॉक एका कापडी पिशवीत भरून ती पिशवी कोपऱ्यात ठेवून दिली. ती पिशवी वर्षभर तिथंच होती. बाबा तिच्यातून फ्रॉक काढायचे, धुवायचे आणि वाळले की परत तिच्यातच ठेवायचे.

त्या वर्षाबद्दल मला विचाराल तर मी म्हणेन, मजेत गेलं. बाबा मला आणि म्हशीला एकाच हौदावर, सारख्याच गांभीर्यानं अंघोळ घालत. म्हैस जास्त सहकार्य करायची. सुरुवातीचे दिवस आम्ही खिचडीवर काढले, मग कधीतरी भाकरी जमायला लागली. शेतात जाताना ते मला बैलगाडीत गोणपाटावर बसवत आणि दिवसभर कापसाच्या ओळींतून त्यांचा आवाज येत राही, "हायेस का गं?" मी म्हणायचे, "हाय." एवढंच बोलणं. गावातल्या बाया मात्र म्हणायच्या, "बिचारा, पोरीची मायच झाला." हे वाक्य मी अजून ऐकते आणि अजून मला त्याचा राग येतो. ते माझी आई झाले नाहीत. होण्याचा प्रयत्नही केला नाही त्यांनी. आईची जागा त्यांनी रिकामीच ठेवली, आणि ती रिकामी आहे हे कधी लपवलं नाही. ते बाप होते आणि बाप म्हणून पुरे पडले. पुरुषानं लेकराला जेवू घातलं की त्याला बाई म्हणायचं, ही कुठली तारीफ?

एक गोष्ट मात्र त्यांनी आईकडून जशीच्या तशी उचलली. आई आधी वाढायची आणि मागून जेवायची, म्हणून तेही आधी वाढायचे आणि मागून जेवायचे. घरात माणसं दोन. तरी आम्ही एका वेळी कधी जेवलो नाही. मी गरम भाकरी खाऊन उठायचे आणि ते उरलेलं घेऊन चुलीकडं तोंड करून बसायचे. त्यांना वाटायचं घर असंच चालतं.

नवमीच्या आदल्या दिवशी बाबा आवतण द्यायला निघाले. मी त्यांचं बोट धरून होते. पहिल्या घरातली बाई म्हणाली, अंगात कणकण आहे. दुसरीला माहेरी जायचं होतं. तिसरी दारातच आली नाही, सासूनंच बाहेरच्या बाहेर सांगितलं, "आमच्या घरात बारकं लेकरू हाय, बाबा. राग नको धरूस." ते खरं कारण. लेकुरवाळी बाई गेली की तिचा जीव लेकरात अडकतो, आणि तिच्या पानावर जी बसेल तिच्या लेकराकडं ती वळते, असं बायकांत पक्कं होतं. त्यात घरात दुसरी बाई नाही. एकट्या माणसानं रांधलेलं, एकट्या माणसानं वाढलेलं. सगळी गल्ली फिरून आम्ही परत आलो तेव्हा बाबांनी म्हशीला वैरण टाकली आणि बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मला सगळं कळत नव्हतं. पण कोपऱ्यातली पिशवी मी बघितली आणि तेवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी अंगणातल्या उखळात खिरीचे गहू सडले. उखळावर पुरुष बसलेला बघायला पोरंसोरं जमली, बाया पाणी आणायच्या निमित्तानं दोनदा गेल्या. नव्या उडदाचे वडे त्यांनी आपल्या अंदाजानं तळले. कढी फाटली. आजी मामासोबत दुपारच्या गाडीनं आली, हातपाय धुऊन ओसरीवर बसली आणि दाराकडं बघत राहिली. ऊन तापलं होतं. पितरपाटातलं ऊन वेगळंच असतं, पांढरं, घुम्म, कावळ्यांशिवाय कशाचा आवाज नाही. पाट मांडलेला, ताट झाकलेलं आणि बसणारं कुणी नाही.

मी मागच्या दारानं पळाले आणि कडब्याच्या गंजीमागं जाऊन दडले. मला वाटलं, मी सापडलेच नाही तर गाडी निघून जाईल.

मागं काय झालं ते मला पुढं आजीनंच सांगितलं. बाबा पुन्हा बाहेर पडले ते थेट शेजारच्या दारात गेले. शेजारच्या काकूंना मूलबाळ नव्हतं. त्यामुळं त्यांना बारशाला कुणी बोलवत नसे, ओटी भरायला बोलवत नसे आणि सवाष्ण म्हणून पानावर बसवणं तर दूरच. बायकांचे हे कायदे बाबांना ठाऊकच नव्हते. आदल्या दिवशी ते तिथं गेले नव्हते ते एवढ्यासाठीच की काकू शेतात होत्या आणि दाराला कडी होती. ते म्हणाले, "जेवायला चला." काकूंनी विचारलं म्हणे, "मला बोलवायलाव? कळतंय का तुमाला?" बाबा म्हणाले, "सवाष्ण हायत ना तुमी?" काकूंनी पदर सारखा केला आणि निघाल्या. आमच्या घरी आल्यावर बाबांनी दुसरी चूक केली. सवाष्णीला साडी नेसवायची एवढं त्यांनी ऐकलं होतं. ती कोरी लागते हे नाही. त्यांनी ट्रंक उघडली आणि आईची जांभळी साडी काकूंच्या हातात दिली. मेलेल्या बाईची नेसलेली साडी. आजी अर्धी उठली होती काही बोलायला. पण काकूंनी साडीकडं एकदा पाहिलं, बाबांकडं पाहिलं आणि आतल्या खोलीत जाऊन ती नेसून आल्या.

मला भूक लागली होती. तळणाचा वास गंजीपर्यंत येत होता. शेवटी मी मागच्या दारानं आत आले आणि चुलीच्या उजेडात पाटावर माझी आई बसली होती. माझ्याकडं पाठ करून. जांभळी साडी, पिवळे काठ, डोक्यावर पदर. ती जेवत होती आणि पाठ जराशी हलत होती.

आज मी मोठी बाई आहे, शिकलेली आहे, परभणीत कॉलेजात शिकवते. तरीही सांगते, मला तेव्हा शंका आली नाही. मी जवळ गेले आणि म्हणाले, "आई, तू कव्हा आलीस?"

घरात कुणी हललं नाही. बाबांच्या हातात खिरीचं पातेलं होतं, ते तसंच राहिलं. पाटावरची बाई वळली नाही. घास खाली ठेवल्याचं मला दिसलं. मग ती हळू म्हणाली, "आत्ताच आले. जेवून जायचं हाय मला."

आईचा आवाज मी तोवर विसरलेच होते, म्हणून तो तिचाच वाटला. मी तिच्या मागं बसले आणि गाल तिच्या पाठीला लावला. ती जेवत राहिली. तिचा श्वास माझ्या कानाशी वरखाली होत होता, आणि तो मध्येच अडखळायचा, हेही मला आठवतं. साडीला ट्रंकेतला डांबरगोळ्यांचा वास होता. तो वास मला आजही कुठं आला की मी जागची हलत नाही.

जेवण झालं. मोठं माणूस म्हणजे आजी. विचारायचं तिनंच होतं. शेवटी ती कशीबशी म्हणाली, "पोट भरलं का, माय? मनात काय राहिलं का?"

उत्तर ठरलेलं असतं. पण त्या बाईनं आधी ताट जरा पुढं सारलं. मग म्हणाली, "पोट भरलं. पन एक राहिलं. लेकराला बापाजवळून हलवू नका."

त्या पाटावरून आलेला शब्द हा गेलेल्या माणसाचाच शब्द. तो मोडायची हिंमत आमच्या गावात कुणाची नाही, आणि आजीची तर नव्हतीच. ती उठली. कोपऱ्यातली पिशवी घेतली, एकेक फ्रॉक काढून दोरीवर टाकला, रिकामी पिशवी काखेत मारली आणि मामाला म्हणाली, "चल, गाडी चुकंल." मी ओसरीवर आले तोवर ती वळणावर गेली होती. घरात परत आले तर आई नव्हती. जांभळी साडी दोरीवर होती आणि वारा नसताना हलत होती, कारण ती नुकतीच कुणीतरी टाकली होती.

त्यानंतर दर नवमीला काकूच आल्या. बाबा ट्रंक उघडून साडी द्यायचे, त्या नेसून, पदर पुढं ओढून पाटावर बसायच्या. आणि वाढता वाढता बाबा बोलायचे. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, पण त्या दिवशी ताटाकडं बघत, खालच्या आवाजात वर्षभराचं सगळं सांगायचा. "म्हैस व्याली. रेडी झाली. पोरगी चौथीत गेली. गणितात बरी हाय. खालच्या वावराला औंदा सोयाबीन घेतली. पोरीला गोवर झाला व्हता, आता बरी हाय. तुझ्या आईचा गुडघा दुखायलाय." पाटावरचा पदर नुसता हलायचा. शेवटी बाबा विचारायचे, मनात काय राहिलं का, आणि उत्तर यायचं, काय न्हाई राहिलं.

दुसऱ्या दिवशी काकू नळावर असायच्या, कळशीवरून कुणाशी तरी कडाकडा भांडत, मला बघून "काय गं, अंघोळ केलीस का न्हाई?" म्हणून डाफरत. कालची ती आणि आजची ही मला कधी जोडता आली नाही. मोठी होत गेले तसं कळलं, त्या काकू आहेत. कळून काही फरक पडला नाही. नवमी जवळ आली की माझी झोप चाळवायची. त्या दुपारी घरात कुणीतरी असायचं, आणि ते काकूंच्या येण्याआधीच यायचं. मी ट्रंकेजवळून जायला भ्यायचे आणि तिथून हलायचेही नाही. काकूंचा चेहरा त्या दिवशी मी कधीच पाहिला नाही. मागंच बसायचे. चेहरा पाहिला तर ती जाईल, एवढी साधी भीती होती, आणि ती बारावीपर्यंत टिकली.

मी बारावीत असताना काकूंचा नवरा गेला. त्या वर्षीच्या नवमीला त्या आल्या नाहीत. कशा येणार? कपाळावर कुंकू नव्हतं. बाबांच्या चुलत्यांच्या घरून निरोप आला की आता दुसरी सवाष्ण बघा. आता गावातल्या बाया यायला तयारही होत्या. इतकी वर्षं काकूंना काही झालं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. बाबांनी निरोप ऐकून घेतला आणि शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागं होते. काकू आतूनच म्हणाल्या, "मला आता चालत न्हाई, भाऊजी. दुसरीला सांगा."

बाबा म्हणाले, "दुसरीला मागचं काय माहीत? म्हैस कोनची, गोवर कव्हा झाला, काय बी माहीत न्हाई तिला. मी पहिल्यापासून कसं सांगत बसू?"

आत भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग काकू आल्या. पाटावर बसताना मी करंडा पुढं केला तर त्यांनी मान मागं घेतली आणि म्हणाल्या, "ताटाच्या कडंला लाव." मी ताटाच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं. बाबा वाढू लागले. "बारावीचं वरीस हाय पोरीचं," त्यांनी सुरुवात केली. चुलते वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. बाबांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही, कारण चुलते बोलायचे तेव्हाही बाबा ऐकूनच घ्यायचे.

पुढं मी परभणीला शिकायला गेले, तिथंच नोकरी, तिथंच लग्न. नवमी चुकवली नाही कधी. सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत. बाबा वाढायचे, काकू जेवायच्या, मी मागं बसायचे, मग बाबा मला वाढायचे आणि म्हणायचे, "खा लवकर, गाडी चुकंल." त्यांचं जेवण मागून. मी वळणावरून बघायचे तर दार उघडं असायचं आणि आत ते चुलीकडं तोंड करून बसलेले असायचे. आता गॅस आला होता तरी बसायचे चुलीकडंच.

शेवटच्या वर्षांत त्यांना सोबत मिळाली होती. आमच्या गल्लीतल्या एका तरुण पोराची बायको गेली. तो ताडकळस ते पूर्णा रिक्षा चालवतो. पदरात लहान मुलगी. दिवसभर ती रिक्षात बापाच्या शेजारी बसून फिरायची. बाबांनी त्याला एक दिवस हाक मारली आणि पोरीला ओसरीवर ठेवून घेतलं. रोजचंच झालं मग. संध्याकाळी तो यायचा आणि बाबा त्याला काहीबाही शिकवायचे. एकदा मी होते, तो म्हणत होता की त्याची भाजी रोज करपते. बाबा म्हणाले, "करपू दे. लेकरू उपाशी झोपलं न्हाई ना? मग तू हुशार हायेस." त्या पोराला हे कुणी म्हटलं नसावं. तो मान खाली घालून उगाच किल्ली फिरवत बसला होता. गावात त्याच्याबद्दल तीच वाक्यं चालली होती जी मी लहानपणी ओसरीवर ऐकली होती. एकही शब्द बदलला नव्हता. दुसरी कर, नाहीतर पोरगी आजोळी दे.

दीडेक वर्षापूर्वी, माघात, बाबा गेले. शेतातून आले, हातपाय धुतले, खांबाला टेकून बसले, तसेच.

नवरा गेला की बायकोची नवमी थांबते. हाही आमच्याकडचा कायदा. आता दोघांचं मिळून एकच पान, बाबांच्या तिथीला, आणि त्यावर भावकीतला एखादा वडीलधारा पुरुष बसवायचा. मी ट्रंक उघडून जांभळी साडी बघितली आणि परत ठेवली. आईची ती दुपार आता पुन्हा येणार नव्हती. आई मला दोनदा गेल्यासारखी वाटली, आणि दुसऱ्यांदा मी चांगली मोठी होते, सगळं कळत होतं.

यंदाच्या पितरपाटात बाबांच्या तिथीला मी आले. त्या चुलत्यांचे थोरले चिरंजीव आता भावकीत मोठे. मी त्यांना अण्णा म्हणते. धुतलेलं धोतर नेसून ते वेळेवर आले होते. वाईट माणूस नाहीत. पण मला त्यांच्या वडिलांचा आवाज ऐकू येत होता, जनावरं सांभाळणं होतं, लेकरू नाही होत. त्या घरातलं माणूस माझ्या बापाच्या पानावर बसवायला माझं मन घेईना. आणि मला हेही कळलं होतं की दिवाळीत त्या रिक्षावाल्याची पोरगी आजोळी न्यायचं जवळजवळ ठरलं आहे, आणि ठरवणाऱ्यांत अण्णा आहेत.

मी गल्लीत गेले. तो रिक्षा पुसत होता. म्हणाले, "बाबांच्या पानावर तू बसायचंस."

तो घाबरला. "मी? ताई, मी लय लहान हाय. आनि माझं तर..." त्यानं रिक्षात बसलेल्या पोरीकडं बघितलं.

काकू दारातून ऐकत होत्या. आता त्या वाकल्या आहेत, पण आवाज तोच. म्हणाल्या, "जा. मला बी असंच बोलावलं व्हतं."

तो अंघोळ करून, भांग पाडून, पोरीचं बोट धरून आला. अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी त्यांना ओसरीवर मानानं बसवलं आणि सांगितलं, "अण्णा, हे पान एकट्यानं लेकरू वाढवलेल्या बापाचं हाय. भावकीत तसा दुसरा कोन हाय, तुमीच सांगा." त्यांनी इकडंतिकडं बघितलं, पण सांगण्यासारखं नाव त्यांच्याकडं नव्हतं.

तो पाटावर बसला, चुलीकडं तोंड करून. पाट मी तसाच मांडला होता. पोरगी त्याच्या मांडीला लागून. मी वाढलं. मागून बघितलं तर खांदे जरा पुढं झुकलेले, मान खाली, एका हातानं भाकरीचा तुकडा मोडून आधी लेकीच्या तोंडात. माझ्या हातातला डाव थांबला. कढी माझीही फाटली होती, त्याची मला तेव्हा आठवण झाली. घरात ते आलं होतं. इतकी वर्षं नवमीच्या दुपारी यायचं, तेच. मला वाटलं होतं ते आईबरोबर थांबलं.

त्याचं जेवण होत आलं तसं मी विचारलं. घरातलं मोठं माणूस आता मीच. "पोट भरलं का, बाबा? मनात काय राहिलं का?"

खरं सांगते, मी हिशेब करूनच त्याला बसवलं होतं. त्यानं म्हणावं, लेकरू माझ्याजवळ राहू द्या. अण्णा ओसरीवर ऐकत होते. पाटावरून आलेला शब्द त्यांनाही मोडता आला नसता. काकू दाराला धरून उभ्या होत्या, त्याही तेवढ्याचसाठी थांबल्या होत्या. लहानपणी जे माझं झालं ते या पोरीचं व्हावं, एवढंच मला हवं होतं.

त्यानं पोरीचं तोंड पुसलं. मग न वळता, हळू म्हणाला, "पोट भरलं. पन एकट्याला जेवू वाटत न्हाई. तुमी बी बसा."

काकूंनी तोंडाला पदर लावला. आयुष्यभर आम्ही त्या घरात आईला विचारत आलो, तुझ्या मनात काय राहिलं का. बाबांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्यासाठी तशी नवमी नव्हती, तसा पाट नव्हता, आणि तेही विचारावं असं काही दाखवत नव्हते. वळणावरून दिसणारी ती उघड्या दारातली पाठ. तिच्या मनात हे होतं, एवढंच.

अण्णा ओसरीवर खाकरले. उठून जातील असं मला वाटलं. ते आत आले, माठातून पेला भरला आणि त्या पोरीच्या हातात दिला. "जा," ते म्हणाले, "बापाला पाणी दे." दिवाळीचं काय ते दिवाळीत कळेल. मी सुट्टी काढून येणार आहे, हे मी त्यांना तिथंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

मी एक ताट घेतलं आणि त्याच्या शेजारी, चुलीकडं तोंड करून बसले. वाढून घेतलं. पहिला घास घेतला आणि ताटाकडं बघत बोलायला लागले, कारण आमच्या घरात असंच बोलतात. "म्हैस काकूंकडं दिली, बाबा. खालच्या वावराला सोयाबीन बरी हाय. ही पोरगी अंगणवाडीत जाते. कढी फाटली." शेजारची मान नुसती हलत होती. मी दुसरा घास घेतला. बापासोबत बसून जेवायची माझी ती पहिली वेळ.